केबल इंटरनेटला वायफाय राउटर जोडताना: आधी काय, मग काय

राउटर जोडणं हे खरं तर पंधरा-वीस मिनिटांचं काम. एक डबा, एक छोटी वायर, एक अडॅप्टर. तरी कितीतरी घरांत त्यात अख्खी संध्याकाळ जाते आणि शेवटी 'राउटरच खराब निघाला' म्हणून तो परत खोक्यात जातो. असे 'खराब' म्हणून माझ्याकडे आलेले बहुतेक राउटर ठणठणीत होते. चुकलेला असतो तो क्रम. कोणता डबा आधी बंद करायचा, कोणता आधी सुरू करायचा आणि मध्ये किती वेळ हात बांधून बसायचं, एवढं नीट पाळलं की सेटिंगच्या पानावर फारसं काही करावंच लागत नाही.

भिंतीतून येणारी वायर आधी ओळखा

'केबलचं इंटरनेट' हा शब्द लोक तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरतात, म्हणून खोकं उघडण्याआधी भिंतीशी जाऊन वायरीचं टोक बघा. वायर गोल आणि जाडसर आहे, टोकाला आट्यांची धातूची टोपी आहे आणि टोपीच्या मधोमध तांब्याची उघडी तार सुईसारखी पुढे आली आहे? मग ती को-ॲक्सिअल केबल, टीव्हीला येते तशीच. हा लेख प्रामुख्याने तिच्याबद्दल आहे.

टोकाला पारदर्शक प्लॅस्टिकची क्लिप आणि तिच्यात आठ रंगीत तारा दिसत असतील, तर ती इथरनेटची वायर. तिथे मोडेम बहुधा नसतोच, वायर थेट राउटरमध्ये जाते आणि अनेकदा कंपनीने दिलेलं युजरनेम-पासवर्ड राउटरमध्ये भरावं लागतं. तिसरी म्हणजे दोऱ्यासारखी बारीक फायबरची वायर. तिच्यासाठी कंपनी स्वतःचा डबा बसवते. ती वायर वाकवू नका, ओढू नका, आणि काढूही नका.

को-ॲक्सिअल असेल तर ती थेट राउटरमध्ये घुसवण्याचा प्रयत्न करू नका. साध्या राउटरला तसं भोकच नसतं. त्या वायरीतून रेडिओ लहरींच्या रूपात सिग्नल येतो आणि त्यातून इंटरनेट वेगळं काढण्याचं काम केबल मोडेम करतो. हे काम कसं करायचं याच्या नियमांना डॉक्सिस म्हणतात. पहिली आवृत्ती १९९७ची, ३.० ही २००६ची आणि ३.१ ही २०१३ची. मोडेमच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर हा आकडा बरेचदा छापलेला असतो.

मग राउटर कशाला? कारण घरगुती कनेक्शनवर मोडेमच्या पलीकडे बहुधा एकाच उपकरणाला इंटरनेटवरचा पत्ता, म्हणजे आयपी ॲड्रेस, मिळतो. राउटर तो पत्ता आपल्या नावावर घेतो आणि घरातल्या सगळ्या फोन-लॅपटॉपना आतले वेगळे पत्ते देऊन ते एक कनेक्शन वाटून देतो. हवेतून, म्हणजे वायफायवर, वाटणं हा त्याचा दुसरा गुण.

एक डबा की दोन?

तुमच्याकडे असलेला 'मोडेम' खरंच नुसता मोडेम आहे का, हे आत्ताच तपासा. मागे को-ॲक्सिअलची एक जागा आणि इथरनेटचं एकच भोक असेल, तर मोडेम. पण इथरनेटची तीन-चार भोकं असतील आणि तळाच्या कागदावर वायफायचं नाव, पासवर्ड छापलेला असेल, तर त्या डब्यात राउटर आधीच बसलेला आहे.

अशा डब्याच्या पुढे आपला नवा राउटर लावला तर इंटरनेट चालतं, पण एकामागे एक असे दोन राउटर बसतात. रोजच्या वापरात ते कळतही नाही. ऑनलाइन गेम खेळणाऱ्याला किंवा घरातला कॅमेरा बाहेरून पाहू इच्छिणाऱ्याला मात्र लगेच कळतं. उपाय दोन. एक तर कंपनीला सांगून जुन्या डब्यातला राउटर झोपवायचा, याला ब्रिज मोड म्हणतात. नाहीतर नव्या राउटरच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' निवडायचा, म्हणजे वाटण्याचं काम जुनाच डबा करतो आणि नवा फक्त वायफाय पसरवतो. नवख्या माणसाला मी दुसराच सांगतो. त्यात बिघडण्यासारखं कमी आहे.

मोडेमची आठवण

अनेक केबल मोडेम सुरू झाल्यावर त्यांना जे उपकरण आधी भेटतं, तेच लक्षात ठेवतात. प्रत्येक उपकरणाला बारा अंकाक्षरांचा मॅक ॲड्रेस असतो, त्यावरून ही ओळख पटते. कालपर्यंत मोडेमला थेट लॅपटॉप जोडलेला होता आणि आज तुम्ही चालू मोडेममधूनच वायर काढून राउटरला लावली, तर मोडेमच्या दृष्टीने राउटर परका. तो त्याला दारात उभं करत नाही. राउटरचे दिवे लागतात, वायफायचं नाव दिसतं, फोन जोडलाही जातो, आणि इंटरनेट मात्र नाही.

ही आठवण पुसायची रीत म्हणजे मोडेमची वीज तोडणं. पुढचा सगळा क्रम याच कारणाने तसा आहे.

आता हात घाला

मोडेमचा अडॅप्टर बोर्डातून काढा. नुसतं समोरचं बटण दाबू नका, प्लगच काढा. ज्या मोडेमवर फोनची सोयही असते, त्यांच्यात कधीकधी बॅटरी असते. प्लग काढूनही दिवे जळत राहिले तर ती असणार, तीही काढा. पूर्ण एक मिनिट थांबा.

तेवढ्यात को-ॲक्सिअलची टोपी बोटांनी फिरवून बघा. ती घट्ट हवी. पक्कड लावू नका, मोडेमच्या बाजूच्या आट्या त्याने जातात. टोपी सैल वाटली म्हणून काढलीत, तर मधली तार सरळ आहे का पाहा. ती जरा जरी वाकली असेल आणि तुम्ही तशीच दाबून बसवली, तर ती आत दुमडते आणि सिग्नल कधी येतो, कधी जातो. हा दोष सापडायला फार त्रास देतो, कारण बाहेरून सगळं व्यवस्थित दिसतं.

मग राउटरच्या खोक्यातली छोटी इथरनेट वायर घ्या. एक टोक मोडेमच्या भोकात, दुसरं राउटरच्या 'वॅन' भोकात. राउटरमागे साधारण पाच भोकं असतात. चार एका रंगाची, ओळीने, आकडे घातलेली, त्यांना 'लॅन' म्हणतात. पाचवं थोडं बाजूला, वेगळ्या रंगाचं असतं, शेजारी 'इंटरनेट' असं लिहिलेलं किंवा पृथ्वीच्या गोलाचं चित्र काढलेलं. मोडेमची वायर फक्त त्या पाचव्यात. टोक आत जाताना 'टक्' असा आवाज आला पाहिजे. आवाज आला नाही तर वायर हलकेच ओढून बघा, निघाली तर ती बसलीच नव्हती.

या पाचव्या भोकाने मला एकदा चांगलंच दमवलं आहे. काकांकडे राउटर टीव्हीच्या कपाटामागे ठेवलेला. मी वाकून, न बघता, बोटांनी चाचपडत वायर लावली. वायफाय आलं, फोनवर सगळ्या कांड्या भरल्या, इंटरनेट शून्य. मी पुढचा दीड तास सेटिंगच्या पानावर घालवला. राउटर दोनदा रिसेट केला, कंपनीला फोन लावून ताटकळत बसलो. शेवटी काका टॉर्च घेऊन खाली वाकले आणि म्हणाले, "अरे, सगळ्या पिवळ्या भोकांत एक निळं आहे, ते रिकामंच आहे बघ." तेव्हापासून मी राउटर आधी टेबलावर माझ्यासमोर ठेवतो, तिथेच सगळं चालू करतो आणि मगच त्याला त्याच्या जागी नेतो.

वायर लागली की पहिल्यांदा फक्त मोडेम सुरू करा. राउटर अजून बंदच. मोडेमचे दिवे एकेक करून लुकलुकतील. आधी खाली येणारा सिग्नल शोधणारा, मग वर जाणारा, आणि शेवटी 'ऑनलाइन' लिहिलेला दिवा. तो लुकलुकायचा थांबून स्थिर झाला की मोडेम तयार. याला दोन मिनिटं लागतात, कधी पाच. सगळ्यात जास्त घाई लोक इथेच करतात. चहा टाका, पण राउटरचा प्लग लावू नका.

ऑनलाइनचा दिवा स्थिर झाला की राउटर सुरू करा. त्यालाही एक-दोन मिनिटं द्या. नशीब बरं असेल, आणि बहुधा असतंच, तर राउटरचा इंटरनेटचा दिवा हिरवा किंवा निळा होतो आणि अवघड भाग तिथेच संपतो. तो लाल किंवा केशरी राहिला तर लगेच घाबरू नका, आधी पुढचं सेटिंग करून घ्या.

सेटिंगचं पान

राउटरच्या तळाशी किंवा मागे एक कागद चिकटवलेला असतो. त्यावर वायफायचं सुरुवातीचं नाव, पासवर्ड आणि सेटिंगच्या पानाचा पत्ता असतो. त्याचा फोनने फोटो काढून ठेवा. राउटर एकदा वर चढवला की तो कागद वाचायला परत खुर्चीवर चढावं लागतं.

लॅपटॉप असेल तर तो वायरीने कोणत्याही लॅन भोकात जोडा. नसेल तर फोन त्या छापील नावाच्या वायफायला जोडा आणि फोनचा मोबाइल डेटा बंद करा. डेटा चालू राहिला तर 'या वायफायवर इंटरनेट नाही' असं म्हणत फोन परस्पर डेटावर जातो आणि सेटिंगचं पान उघडतच नाही.

ब्राउझरच्या वरच्या पट्टीत कागदावरचा पत्ता टाका. तो बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो. टाइप करताना अर्थातच इंग्रजी आकडे, मध्ये साधे टिंब. कागद निघून गेला असेल तर फोनच्या वायफाय माहितीत 'गेटवे' म्हणून जो आकडा दिसतो, तोच हा पत्ता. हल्ली बरेच राउटर मोबाइल ॲपवरूनही लावता येतात. ॲप सोपं असतं हे खरं, पण त्यासाठी अनेकदा खातं उघडावं लागतं, आणि काही सेटिंगं ॲपमध्ये दिसतच नाहीत. मी ब्राउझरचीच वाट धरतो.

पहिल्यांदा राउटर तुम्हाला त्याचा स्वतःचा, म्हणजे ॲडमिनचा पासवर्ड ठरवायला सांगेल. हा वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा ठेवा. वायफायचा आपण पाहुण्यांना देतो, आणि पाहुण्याच्या मुलाने राउटरच्या सेटिंगमध्ये शिरावं अशी आपली इच्छा नसते.

कनेक्शनचा प्रकार विचारला तर को-ॲक्सिअलवाल्यांनी 'डायनॅमिक आयपी' किंवा 'ऑटोमॅटिक' निवडायचं. बस. युजरनेम, पासवर्ड, काही भरायचं नाही. मोडेमची वीज तोडूनही इंटरनेट येत नसेल, तर याच पानावर 'मॅक क्लोन' नावाची सोय सापडेल. तिने राउटर तुमच्या जुन्या लॅपटॉपची ओळख सांगतो, आणि मोडेम त्याला आपलाच समजून आत घेतो. त्यासाठी सेटिंग करताना तोच लॅपटॉप वापरायला हवा. तेही चाललं नाही तर कंपनीला फोन करून नव्या राउटरचा मॅक ॲड्रेस नोंदवून घ्या.

नाव आणि पासवर्ड

वायफायला मराठी नाव देण्याचा मोह मलाही झाला होता. तांत्रिक अडचण अशी की नावाला ३२ बाइटची मर्यादा असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीत प्रत्येक अक्षराला आणि प्रत्येक काना-मात्रेलाही तीन. म्हणजे साधारण दहा चिन्हांत नाव संपवायचं. 'बैठकीची खोली' हे ३४ बाइटचं होतं, दोनच बाइटनी हुकतं. शिवाय काही राउटर देवनागरी घेतच नाहीत, आणि जुने प्रिंटर असं नाव दिसलं की चौकोन दाखवतात. इंग्रजी अक्षरांत लिहा आणि मोकळे व्हा. नावात आडनाव किंवा घर क्रमांक मात्र घालू नका, ते रस्त्यावरच्या प्रत्येकाला वाचता येतं.

सुरक्षेच्या खान्यात डब्ल्यूपीए ३ असेल तर ते घ्या. जुनी उपकरणं अडखळत असतील तर डब्ल्यूपीए २ आणि ३ एकत्र. डब्ल्यूपीए २ हे २००४चं, ३ हे २०१८चं. डब्ल्यूईपी असं काही दिसलं तर त्याला हात लावू नका, त्याचं कुलूप २००१ सालीच फुटलं आहे. पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडून केलेला लांब पासवर्ड लक्षातही राहतो आणि तोडायलाही कठीण जातो.

आणखी दोन सोयी बंद करा. एक 'डब्ल्यूपीएस'. बटण दाबून फोन जोडण्याची ही सोय छान वाटते, पण तिच्या आठ अंकी पिनमधला दोष २०११ साली उघड झाला. राउटर ती पिन दोन तुकड्यांत तपासतो, त्यामुळे जास्तीत जास्त अकरा हजार प्रयत्नांत ती सापडते. दुसरी 'रिमोट मॅनेजमेंट', म्हणजे बाहेरून राउटरचं पान उघडण्याची मुभा. आणि 'फर्मवेअर अपडेट', म्हणजे राउटरच्या आतल्या प्रोग्रामची नवी आवृत्ती, दिसलं तर करून टाका. ते चालू असताना वीज जाऊ देऊ नका, एवढीच अट.

पानावर दोन वायफाय दिसतील, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिलं लांब जातं, भिंती जरा बऱ्या ओलांडतं, पण वेग कमी आणि गर्दी जास्त. मायक्रोवेव्ह ओव्हनही साधारण २.४५ गिगाहर्ट्झवरच चालतो, त्यामुळे जेवण गरम होत असताना व्हिडिओ अडकू शकतो. दुसरं वेगवान, पण दोन भिंतींनंतर दम टाकतं. दोघांना एकच नाव ठेवलं तर फोन आपलं आपण निवडतो. स्मार्ट बल्ब, प्लग अशा वस्तूंना मात्र बरेचदा २.४च लागतं, त्या जोडताना अडलं तर तेवढ्यापुरती नावं वेगळी करा. २.४चं चॅनेल हाताने निवडायची वेळ आली तर १, ६ किंवा ११ यांतलंच घ्या, हे तीन एकमेकांवर चढत नाहीत.

जागा

मोडेम जिथे भिंतीतून वायर येते तिथेच राहणार, पण राउटरला त्याच्या शेजारी बसवण्याची सक्ती नाही. इथरनेटची वायर १०० मीटरपर्यंत चालते. लांब वायर घेऊन राउटर घराच्या मधोमध, छातीच्या उंचीवर, उघड्यावर ठेवा. धातूचं कपाट, फ्रिज, मोठा आरसा, पाण्याची टाकी आणि माशांचं काचपात्र यांच्यामागे नको.

तरीही इंटरनेट नाही?

अंदाजाने बटणं दाबण्यापेक्षा वाट अर्धी-अर्धी कापून बघा. राउटर बाजूला ठेवा, मोडेमची वीज तोडा, लॅपटॉप थेट मोडेमला जोडा, मोडेम सुरू करा. लॅपटॉपवर इंटरनेट आलं, तर मोडेम आणि बाहेरची लाइन ठीक, दोष राउटरच्या बाजूला. नाही आलं, तर राउटरला विनाकारण बोल लावू नका.

मोडेमचा ऑनलाइन दिवा स्थिर होतच नसेल, तर भिंतीपासून मोडेमपर्यंतच्या वायरीत किती सांधे आहेत ते मोजा. टीव्हीसाठी लावलेला दोन वाटांचा स्प्लिटर सिग्नल साधारण साडेतीन डेसिबलने, म्हणजे जवळपास निम्म्यावर आणतो. असे दोन एकापुढे एक असतील तर मोडेमपर्यंत पाव सिग्नल पोहोचतो. स्प्लिटर काढून वायर सरळ मोडेमला लावून बघा. बऱ्याच केबल मोडेमचं स्वतःचंही पान असतं, १९२.१६८.१००.१ या पत्त्यावर. तिथे खाली येणाऱ्या सिग्नलची ताकद उणे ७ ते अधिक ७ यांच्या दरम्यान असली की निश्चिंत राहा. फारच बाहेर असेल तर तो आकडा कंपनीला फोनवर सांगा. 'नेट स्लो आहे' यापेक्षा आकडा सांगितला की पलीकडचा माणूस ताठ बसतो.

लॅपटॉपचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्याला कुणी पत्ता दिलेलाच नाही, त्याने तो स्वतःच घेतला आहे. वायर सैल आहे किंवा राउटर अजून उठतोय.

वेगाची एक तक्रार फार नेहमीची. कनेक्शन ३०० एमबीपीएसचं आणि वायरीनेही वेग ९४-९५च्या पुढे हलत नाही. हा आकडा दिसला की मी थेट इथरनेटची वायर बदलतो. १०० एमबीपीएसला आठपैकी चारच तारा पुरतात, त्याहून वरच्या गिगाबिट वेगाला आठही लागतात. एखादी तार आत तुटली की जोडणी गुपचूप १००वर उतरते आणि कुणीच काही सांगत नाही. नवी वायर घेताना तिच्यावर 'कॅट ५ई' किंवा 'कॅट ६' छापलेलं आहे ना ते बघा. वायर बदलूनही तेवढंच असेल, तर राउटरचं वॅन भोकच १०० एमबीपीएसचं असू शकतं, स्वस्तातल्या राउटरमध्ये ते आजही सापडतं.

जुना राउटर बदलून नवा लावत असाल, तर जुनंच वायफायचं नाव आणि जुनाच पासवर्ड अक्षर न अक्षर तसाच नव्यात घाला. मग टीव्ही, प्रिंटर, बल्ब सगळे आपोआप जोडले जातात, प्रत्येकापुढे रिमोट घेऊन बसावं लागत नाही. जुना पासवर्ड फारच कमजोर असेल तर मात्र हा आळस करू नका.

आणि वीज जाऊन आल्यावर. तेव्हा दोन्ही डबे एकदमच सुरू होतात, क्रम आपल्या हातात राहत नाही. राउटर लवकर उठतो, मोडेम अजून ऑनलाइन झालेला नसतो, आणि तेवढ्यात राउटरने पत्ता मागितला तर काही मोडेम त्याला १९२.१६८.१०० ने सुरू होणारा तात्पुरता पत्ता देऊन गप्प करतात. तो पत्ता राउटर कधीकधी धरूनच बसतो. मोडेमचे दिवे नीट आहेत, पण इंटरनेट नाही, अशी स्थिती दिसली की मोडेमला हात लावू नका. फक्त राउटरचा प्लग काढा, दहा सेकंदांनी परत लावा आणि दोन मिनिटं थांबा.